उतावळा दुभाषी

डॉ. लिमये यांनी खोलीच्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर हात ठेवला आणि माणूस गेल्याचं सांगावं तसं सांगितलं, "शेंडे, हा गेला. काल आतून धूर आला. आता काही खरं नाही."

शिरीष शेंडे बायकोकडे वळले. चारुलताबाई मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या आणि त्यांची नजर नवऱ्याच्या ओठांवर खिळली होती.

"डॉक्टर म्हणतात, थोडी दुरुस्ती निघालीय," शिरीष ओठ नीट हलवत, सावकाश म्हणाले.

"थोडी म्हणजे किती?"

"आहे थोडी."

लिमयांनी चष्म्यावरून शिरीषकडे पाहिलं.

एकवीस वर्षांपूर्वी, २०२२ साली, एका तापाने चारुलताबाईंचे दोन्ही कान नेले. तेव्हा त्यांच्या डाव्या कानामागे कातडीखाली रुपयाच्या नाण्याएवढं एक यंत्र बसवण्यात आलं. त्यातून निघालेल्या केसाएवढ्या बावीस तारा कानाच्या शंखात शिरत होत्या. बाहेरून कानावर एक छोटा डबा अडकवायचा. तो आवाज टिपून कातडीतून आत पाठवायचा, आतलं यंत्र तारांमधून विजेच्या बारीक टिचक्या मारायचं, आणि मेंदू त्याला आवाज म्हणायचा. पण नस काही तार नव्हे. ती थकते, बदलते. म्हणून दर वर्षी कोणत्या तारेला किती वीज द्यायची ते पुन्हा ठरवावं लागतं. याला लिमये जुळणी म्हणत. गेल्या चार वर्षांत जुळणी नीट झालीच नव्हती, कारण तो संगणक कधी चाले, कधी रुसे. चारुलताबाईंचं ऐकणं विरत विरत गेलं आणि आता आत फक्त एक खरखर उरली होती.

दुसरा संगणक घ्यायचा, एवढंच, असं कुणालाही वाटेल. पण आतलं यंत्र एकाच प्रोग्रामचा हुकूम मानायचं. तो प्रोग्राम एकाच जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचा. आणि ती सिस्टीम नव्या संगणकावर घालायला गेलं की ती आधी आपल्या मुख्यालयाची परवानगी मागायची, आणि ते मुख्यालय बारा वर्षांपूर्वी बंद झालं होतं. कानाचं यंत्र बनवणारी परदेशी कंपनी तर त्याच्याही आधी बुडाली होती.

"दुसरा मार्ग म्हणजे शस्त्रक्रिया," लिमये म्हणाले. "आतलं काढून नवं बसवायचं. पण वहिनींच्या हृदयाची झडप बघता भूल द्यायला कुणी धजणार नाही. मी तरी सांगणार नाही."

"काय म्हणतात?" चारुलताबाईंनी विचारलं.

"म्हणतात, काळजीचं कारण नाही," शिरीष म्हणाले.

शिरीष चाळीस वर्षं वाईच्या एका शब्दकोशाच्या कार्यालयात मुद्रितं तपासत होते. माणूस अबोल. चारचौघांत उभं राहिलं की तळव्यांना घाम फुटायचा. पण कागदावर दुसऱ्याची चूक दिसली की त्यांचा हात आपोआप तिथे जायचा. निवृत्तीनंतर कागद संपले, हात तसाच राहिला, आणि त्याला काम मिळालं ते बायकोच्या कानांचं. बोललेलं डोळ्यांपुढे उमटवणारे चष्मे निघाले होते, तेही आणून झाले. पण पळती अक्षरं बघितली की चारुलताबाईंना घेरी यायची. एक चेहरा मात्र त्यांना वाचता यायचा, चव्वेचाळीस वर्षं समोर बसलेला. त्यामुळे जगाचं बोलणं आधी शिरीषच्या कानात जाई आणि मग त्यांच्या ओठांवर येई. मध्ये ते थोडं तपासून घेत.

रविवारी सकाळी नागपूरहून मुलाचा, नीरजचा फोन यायचा.

"बाबा, आईला सांगा, गणपतीला येणार नाही. का म्हणून विचारलं तर सांगा, तिला माहितीय."

शिरीष वळून म्हणायचे, "नीरज म्हणतो, दुकानात फार काम आहे. तुझी आठवण येते म्हणाला."

"कसलं डोंबलाचं काम! चांगली नोकरी सोडून सायकलींच्या बॅटऱ्या पुसतोय. दोन वेळचं निघतं का त्यात, विचारा."

तोवर शिरीषचा तळहात फोनवर गेलेला असे. तो काढून ते म्हणत, "आई म्हणते, जपून राहा, बाळा. वेळेवर जेव."

पलीकडून नीरज म्हणे, "बरं."

अशी चार वर्षं गेली. मायलेकरांत शब्दाने शब्द वाढला नव्हता. शिरीषना याचा मनातून अभिमान वाटायचा आणि कधीमधी भीतीही वाटायची, पण तिच्याकडे ते फार वेळ पाहत नसत.

लिमयांनी हात टेकल्यानंतर आठवड्याने ऋजुता आली. ऋजुता म्हणजे चारुलताबाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय अडतीस, राहायला पुण्यात, बोलणं चालण्यासारखं भराभर. जुने, बेवारस झालेले प्रोग्राम जिवंत ठेवणं हा तिचा उद्योग होता. लिमयांकडून तिने प्रोग्रामची प्रत आणली होती, आणि रुग्णांना दाखवण्यासाठी ठेवलेलं, तसंच एक नमुन्याचं यंत्रही.

"मावशी, वाटी दे. स्टीलची नको, काचेची. आणि मीठ."

शिरीषनी ओठांनी सांगितलं. चारुलताबाईंनी वाटी आणली. "मीठ किती घालायचं? चवीपुरतं?"

"माणसाच्या अंगात असतं तितकं," ऋजुता हसत म्हणाली आणि तिने ते नाण्याएवढं यंत्र मिठाच्या पाण्यात सोडलं. "काका, ही वाटी म्हणजे मावशीचं डोकं, असं समजा."

"म्हणू नकोस तिला तसं," शिरीष घाईने म्हणाले.

डायनिंग टेबलावर तिचा साधा घरगुती लॅपटॉप उघडा होता. शिरीषना यातलं कळत नव्हतं आणि कळत नाही हे विचारायलाही संकोच वाटत होता, पण शेवटी राहवलं नाही.

"एका सिस्टीमचा प्रोग्राम दुसरीवर का चालत नाही गं?"

"प्रोग्राम स्वतः फारसं काही करतच नाही, काका. तो सारखा मागत असतो. जागा द्या, खिडकी उघडा, किती वाजले, एवढा वेळ थांबा. ज्या सिस्टीममध्ये वाढला तिच्याच पद्धतीने मागतो. दुसऱ्या घरात गेला की त्याचं मागणं कुणाला कळत नाही, तो आडवा पडतो. मग मध्ये एक दुभाषी बसवायचा. प्रोग्रामने जुन्या पद्धतीने मागितलं की दुभाष्याने ते नव्या घराकडून आणून जुन्याच पद्धतीने हातावर ठेवायचं. त्याला शेवटपर्यंत कळता कामा नये की घर बदललंय."

"मग हे सोपंच झालं."

"सोपं? जगभरच्या लोकांनी चाळीस वर्षं असले दुभाषे हाताने लिहिले. एकेका मागणीचं एकेक उत्तर. पगार नाही, काही नाही, रात्रीचं जेवण झालं की बसायचे. त्यांच्या पायावर डोकं ठेवावं असे लोक, काका. पण ते लिहायचे लोकप्रिय प्रोग्रामांसाठी. लिमयांचा प्रोग्राम जगात मोजक्या दवाखान्यांत होता. त्याच्या मागण्या कुठेच लिहिलेल्या नाहीत."

"मग?"

"म्हणून माझा दुभाषी अंदाजाने शिकतो. शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलत असेल तर तुम्हाला एकच बाजू ऐकू येते. 'हो का? कधी? मग दूध घालून बघ,' असं ऐकलं की पलीकडून काय आलं ते कळतं ना? तसंच. प्रोग्राम हा अर्धं संभाषण आहे. माझा दुभाषी ते हजारो वेळा वाचतो आणि उरलेलं अर्धं स्वतः तयार करतो."

शिरीष लॅपटॉपकडे बघत राहिले. शब्दकोशाच्या कामात त्यांनी जुनी फाटकी पोथी पाहिली होती, अर्धं पान वाळवीने खाल्लेली, आणि ते अर्धं अंदाजाने भरणारे एक वृद्ध शास्त्रीही पाहिले होते. त्यांना वाटलं, ही पोरगी त्याच जातीची आहे. आणि आपण आयुष्यभर फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहत बसलो.

दोन दिवसांनी प्रोग्राम उघडला. राखाडी खिडकी, भडक निळी पट्टी, बावीस उभ्या रेघा. शिरीषनी ती एकवीस वर्षं लिमयांकडे पाहिली होती. वाटीतल्या यंत्राने बावीसच्या बावीस तारांची हजेरी दिली.

"आता मावशी," ऋजुता म्हणाली.

चारुलताबाई खुर्चीत बसल्या. कानावरच्या डब्यापासून लॅपटॉपपर्यंत वायर गेली. पद्धत ठरलेली होती. प्रोग्राम एकेका तारेवर टिचक्या देणार, ऐकू आलं की बाईंनी बोट उचलायचं. पहिली तार, बोट उठलं. दुसरी, उठलं. तिसरी, चौथी, पाचवी.

सहाव्या तारेवर पडदा लाल झाला. आतलं यंत्र उत्तर देत नाही, असं सांगून प्रोग्रामने स्वतःला मिटून घेतलं.

ऋजुताने पुन्हा केलं. पुन्हा सहावीला लाल. उलट्या बाजूने सुरुवात केली, बाविसाव्या तारेपासून. पाच झाल्या आणि पुन्हा लाल. दिवसभरात अकरा वेळा केलं. वाटीतलं यंत्र मात्र दर खेपेला हसतमुख.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने लॅपटॉप मिटला.

"काका, माझ्या बाजूने सगळं बरोबर आहे. मी प्रत्येक उत्तर तपासलंय. म्हणजे बिघाड आत आहे. मावशीचं यंत्रच थकलंय." ती पहिल्यांदाच हळू बोलत होती. "सॉरी. साडेचारची बस गाठते. तुम्ही सांगाल ना तिला?"

सांगायचं काम त्यांचंच होतं. ते स्वयंपाकघरात गेले. चारुलताबाई भाचीसाठी थालीपिठं लावत होत्या. शिरीष ओट्याजवळ उभे राहिले आणि त्यांना जे वाटलं त्याची त्यांनाच लाज वाटली. वाईट तर वाटलंच, पण त्याच्या तळाशी थोडं हायसंही वाटलं. आता हिला नीरजचा आवाज कधी ऐकू येणार नाही. रविवार आहेत तसेच चालू राहतील.

"ऋजुता निघतेय," ते म्हणाले. "बाकी नंतर बघू म्हणते."

चारुलताबाईंनी तव्यावरचं थालीपीठ उलटलं. बाहेरच्या माणसांशी थेट बोलणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. विचारलं तर उत्तर ऐकू येत नाही, मग विचारायचं कशाला? जे काही असेल ते नवऱ्यापाशी.

"सांगा तिला," त्या फणकाऱ्याने म्हणाल्या, "तुझा दुभाषी तुझ्यासारखाच उतावळा आहे म्हणावं. लिमयांचं यंत्र कसं निवांत होतं. एक टिचकी झाली की मी बोट उचलायची, खाली ठेवायची, बांगडी मागे सारायची, तेव्हा कुठे पुढची यायची. हा मेला बोट खाली येऊ देत नाही. वाघ मागे लागल्यासारखा सुटलाय. आणि म्हणे शिकलेली!"

शिरीष थालीपिठांचा डबा घेऊन बाहेर आले. ऋजुता बॅगेची चेन लावत होती.

"मावशी म्हणते, फार कष्ट घेतलेस हो," ते म्हणाले.

ऋजुताचे डोळे भरून आले. तिने डबा बॅगेत ठेवला, चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी सोफ्याखाली होती. शिरीष तिच्याकडे बघत उभे होते. त्यांच्या जिभेवर 'उतावळा' हा शब्द अडकून होता. एरवी खोडलेला शब्द त्यांना पुन्हा दिसत नसे. हा दिसत होता. मुद्रित तपासताना असं व्हायचं कधीतरी, की दुरुस्ती करून पान पुढे गेल्यावर वाटायचं, लेखकाने तसंच लिहायचं ठरवलं असेल तर?

आणि त्यांना हेही कळत होतं की आत्ता गप्प बसलं तर कुणालाही कधीही समजणार नाही.

"ऋजुता."

"काय, काका?"

"ती तसं म्हणाली नाही."

मग त्यांनी सांगितलं. उतावळा, निवांत, बोट, बांगडी, मेला, वाघ, 'म्हणे शिकलेली'ही. एक अक्षर न गाळता. सांगताना त्यांचे कान तापले होते.

ऋजुता एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिली.

"बांगडी मागे सारायची? म्हणजे एक सेकंद. जवळजवळ एक सेकंद!" तिने बॅग उघडून लॅपटॉप काढला, डबा उपडा झाला, तिकडे लक्षच नाही. "काका, हा बघा. दोन टिचक्यांच्या मध्ये प्रोग्राम साठ वेळा म्हणतो, सेकंदाचा हजारावा भाग थांब. माझा दुभाषी बरोबर हजारावा भाग थांबतो. साठ वेळा थांबून किती होतं? डोळ्याची पापणीही लवत नाही. पण त्या जुन्या सिस्टीमचं घड्याळ ढोबळ होतं! ते सेकंदाला चौसष्टच ठोके द्यायचं. हजारावा भाग मागितला तरी पुढचा ठोका पडेपर्यंत सोडायचं नाही, म्हणजे सोळापट थांबवायचं. साठ वेळा तसं झालं की झाला एक सेकंद!"

"म्हणजे चूक त्या सिस्टीमची."

"चूकच. पण ज्याने प्रोग्राम लिहिला तो त्या चुकीसकट राहत होता ना! त्याने हाताला लागेल तसं जुळवलं. आतल्या यंत्राला स्वतःची बॅटरी नाही, कातडीतून येईल तेवढी वीज साठवतं आणि टिचकीला खर्च करतं. एक सेकंद मिळाला की पुन्हा भरतं. मी वेळच देत नव्हते. पाच टिचक्यांत बिचारं रिकामं! वाटीत चाललं, कारण तिथे मध्ये कातडी नाही, वीज भरपूर पोचते." तिने कपाळावर हात मारला. "मी त्याला निर्दोष घर बांधून दिलं, काका. त्याला त्याचं सदोष घर हवं होतं."

साडेचारची बस गेली. ऋजुताने दुभाष्याला शिकवलं की घड्याळ ढोबळ ठेव, हजारावा भाग मागितला की पुढच्या ठोक्यापर्यंत रेंगाळ. एका अचूक यंत्राला तिने मन लावून, मोजून मापून आळस शिकवला. शिरीष तिच्या मागे उभे राहून ते पाहत होते. त्यांनी आयुष्यात पुष्कळ विद्वान पाहिले होते, पण कुणाला दुसऱ्याची चूक इतक्या आदराने उतरवून घेताना पाहिलं नव्हतं.

चारुलताबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. पहिली टिचकी. बोट उठलं, खाली आलं, बांगडी मागे गेली. दुसरी. सहावी आली आणि गेली. पडदा राखाडीच राहिला. बारावी, अठरावी, बाविसावी. मग ऋजुताने श्वास घेतला आणि नवी जुळणी आतल्या यंत्रात उतरवली.

"मावशी, माझा आवाज येतोय?"

चारुलताबाई दचकल्या. त्यांनी नवऱ्याच्या ओठांकडे पाहिलंच नाही. सरळ ऋजुताकडे पाहिलं.

"येतोय. ओरडू नकोस."

शिरीषना काहीतरी बोलायचं होतं. शब्द फुटण्याआधी त्यांनी सवयीने नाक ओढलं.

"अगंबाई," चारुलताबाई म्हणाल्या, "तुम्ही अजून बोलायच्या आधी नाक ओढताच का!" आणि हसता हसता रडायला लागल्या.

चार दिवसांनी रविवार आला. ऋजुता पुण्याला परतली होती. फोन वाजला तेव्हा शिरीषचा हात पुढे गेला, पण चारुलताबाईंनी तो आधीच उचलला होता. आवाज थेट कानात घेण्याऐवजी त्यांनी स्पीकर लावला, का ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"बाबा, आईला सांगा—"

"आईच बोलतेय. सांग."

"आई? तुला ऐकू येतंय?"

"सगळं. बोल, आईला काय सांगायचं?"

"काही नाही. जपून राहा म्हणत होतो."

"थापा मारू नकोस. बाबांना सांगणार होतास ते सांग."

"येणार नाही म्हणत होतो! या वर्षीही नाही!" नीरजचा आवाज चिरकला. "दुकान उघडलं त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर तू मला पंक्चरवाला म्हणालीस. चार वर्षं झाली, आई. एकदा तरी विषय काढलास? नुसतं जपून राहा बाळा, जपून राहा बाळा!"

"मी? मी तुला बाळा म्हणाले?"

शिरीष उठून गॅलरीत गेले. आतून दोन्ही आवाज चढत गेले. त्यांनी मायलेकरांच्या मध्ये चार वर्षं जो कापूस भरला होता तो कुणीतरी मुठी मुठीने उपसून काढत होतं. भांडण पाऊण तास चाललं. मध्येच चारुलताबाई मोठ्याने हसल्याही, आणि ते शिरीषना भांडणापेक्षा जास्त लागलं, कारण कशाला हसल्या ते त्यांना कळलं नाही.

मग त्या गॅलरीत आल्या. चेहरा लाल, केस विस्कटलेले, आणि दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. शिरीष मान खाली घालून उभे होते.

"मी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "तुम्हा दोघांना त्रास होऊ नये म्हणून..."

"ते कळलं मला." त्या कठड्याला टेकल्या. "अहो, तो चार वर्षं माझ्यावर रागावलाय. आणि मी समजतेय, पोराला सुट्टी मिळत नाही. तुम्ही त्याचा राग माझ्यापर्यंत येऊच दिला नाहीत. आला असता तर मी पहिल्याच वर्षी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले असते."

शिरीषना पहिल्यांदाच कळत होतं की आपण काय काय खोडलं.

"नागपूरचं तिकीट काढा," चारुलताबाई म्हणाल्या. "परवाचं मिळालं तर परवाचं. एकच."

"एकच?"

"एकच. तुम्ही आलात की आमच्या मध्ये बसाल."

हे त्या रागाने म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी शिरीषच्या शर्टाची वर गेलेली कॉलर खाली केली आणि आत बॅग काढायला गेल्या.

शिरीषनी फोन हातात घेतला. अडुसष्ट वर्षांची, हृदयाची झडप नाजूक असलेली बाई, इतक्या लांब एकटी. 'एकटी कशी जाशील' हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिथे त्यांना ते नीट दिसलं. त्यांनी ते गिळलं. नाव भरलं, वय भरलं, खिडकीजवळची जागा निवडली. खाली यंत्राने विचारलं, सोबत कोणी आहे का?

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. चारुलताबाई काहीतरी गुणगुणत होत्या, चार वर्षांनी, आणि स्वतःचं स्वतः ऐकत होत्या.

शिरीषनी 'नाही'वर बोट ठेवलं.